एका तलावाची पदावनती

राज्याच्या जलगुणवत्ता नियोजन व व्यवस्थापन कक्षात पाण्याबद्दल कोणाच्याही मनात वैयक्तिक आकस नव्हता. हे सुरुवातीलाच नमूद केलेलं बरं, कारण पुढची हकीकत वाचून काही उतावीळ मंडळींचा तसा समज होण्याचा संभव आहे. कक्षातली माणसं सज्जन होती, वेळेवर कामावर येत होती आणि पिण्याचं पाणी घरून आणत होती.

कक्षाच्या वर्गीकरण अधिकाऱ्यांना कचेरीत सगळे ‘वर्गशिक्षक’ म्हणत. राज्यातल्या प्रत्येक नदीला, तलावाला, ओढ्याला वर्ग नेमून देणं हे त्यांचं काम. पहिला वर्ग पिण्याचा, दुसरा आंघोळीचा, तिसरा माशांचा, चौथा झाडांचा आणि पाचवा कारखान्यातली यंत्रं थंड करण्याचा. ज्या वर्गाचं पाणी, त्या वर्गाची मानकं. पिण्याच्या पाण्याची मानकं फार कडक होती आणि यंत्रांच्या पाण्याची सैल, कारण यंत्राला जुलाब होत नाहीत. वर्गशिक्षक हे काम इतक्या निगुतीने करत की त्यांच्या टेबलावर नद्यासुद्धा सरळ रेषेत वाहत.

त्यांना एक धाकटी बहीण होती. आईवडिलांच्या मागे तिचं लग्न त्यांनीच लावून दिलं होतं, आणि स्थळ पाहताना गावाला मोठा तलाव आहे, पाण्याची ददात नाही, ही बाब त्यांनी मुद्दाम विचारात घेतली होती. तिला एकच मुलगी. तिला घरात सगळे चिमणी म्हणत आणि मामाचा तिच्यावर फार जीव. अलीकडे बहिणीच्या फोनवर एकच विषय असे. नळाच्या पाण्याला वास येतो, चिमणीचं पोट सारखं बिघडतं, औषधाने चार दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. पोर वाळत चालली होती. हे ऐकून भाऊ म्हणून त्यांच्या पोटात तुटलं आणि अधिकारी म्हणून त्यांनी तलावाचा नमुना मागवला.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी अहवाल दिला की तलाव पहिल्या वर्गात सपशेल नापास आहे. कारण शोधायला लांब जायची गरज नव्हती. वरच्या अंगाला झालेल्या नव्या वसाहतींचं सांडपाणी आणि कापड रंगवण्याच्या दोन कारखान्यांचं पाणी थेट तलावात येत होतं. हे तलावालाही ठाऊक होतं. सांडपाणी शुद्ध करण्याचा प्रकल्प उभारावा, असं राज्याच्या प्रत्येक पंचवार्षिक आराखड्यात लिहिलेलं होतं, आणि त्याखाली प्रत्येक वेळी ‘पुढील आराखड्यात विचार करण्यात येईल’ अशी ओळ होती. ओळ दर वेळी नव्याने टाइप केली जाई, त्यामुळे काम चालू आहे असं म्हणायला जागा होती.

नेमकं त्याच वर्षी सचिवांनी जाहीर करून टाकलं होतं की आपलं राज्य शंभर टक्के मानकपूर्तीचं राज्य होणार. म्हणजे राज्यातलं झाडून सगळं पाणी आपापल्या वर्गात पास. बाकीच्या पाण्याचं कसंबसं जमलं होतं. अडून बसला होता तो एकटा हा तलाव.

सचिवांनी वर्गशिक्षकांना बोलावून घेतलं. त्यांच्या दालनात भिंतभर निळा नकाशा होता आणि त्यावर प्रत्येक जलाशयाच्या जागी हिरवी टाचणी. एकच टाचणी लाल होती आणि सचिव तिच्याकडे दुखऱ्या दाढेकडे लक्ष जावं तसे पुन्हा पुन्हा पाहत होते. वर्गशिक्षकांनी सांडपाण्याचा, कारखान्यांचा, प्रकल्पाचा विषय काढला. सचिवांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मग समजावून सांगितलं की तलाव स्वच्छ करायचा तर सात खात्यांची संमती लागेल. त्यातली तीन खाती एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एक खातं गेल्याच वर्षी बंद झालं आहे, पण त्याची संमती अजून लागते.

“एखादा मुलगा सातवीत नापास झाला,” सचिव म्हणाले, “तर आपण सातवीचं पुस्तक सोपं करतो का? नाही. त्याला सहावीत बसवतो. तिथे तो पास होतो. मुलगाही खूश, शाळाही खूश. आणि वर्ग बदलायला कोणाची सही लागते?”

“माझी,” वर्गशिक्षक म्हणाले.

“मग?”

वर्गशिक्षकांनी खिशातलं पेन काढलं. उपसंचालकाची जागा रिकामी होती आणि ती कोणाला मिळावी हे सचिवांच्या हातात होतं, ही गोष्ट सचिव बोलले नाहीत आणि म्हणूनच ती नीट ऐकू आली. तलाव आंघोळीच्या वर्गात गेला.

आंघोळीच्या वर्गातही तो रमला नाही. बाईंनी कळवलं की या पाण्याने आंघोळ केलेल्या माणसाला पुन्हा आंघोळ करावी लागते. मग तो माशांच्या वर्गात गेला. नियमाप्रमाणे तलावात मासे सोडण्यात आले आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे पाण्यावर आडवे होऊन शांतपणे तरंगताना आढळले. पाहणीच्या टिपणात ‘माशांच्या पोहण्याच्या पद्धतीत बदल’ अशी नोंद झाली, पण बाईंनी त्यावर सही करायला नकार दिला, कारण पोहण्यासाठी मासा जिवंत असावा लागतो असं त्यांचं तांत्रिक मत होतं. तलाव झाडांच्या वर्गात गेला. झाडं वाळली. तो यंत्रांच्या वर्गात गेला, तेव्हा एका कारखानदाराने लेखी तक्रार केली की या पाण्याने माझ्या यंत्राची नळी आतून सडली. म्हणजे यंत्रालाही व्हायचं ते झालंच. बुडत्याचा पाय खोलात म्हणतात तो असा.

पाचव्या वर्गाखाली वर्गच नव्हता. एखाद्या साध्या माणसाने इथे हात टेकले असते आणि नाइलाजाने तलाव साफ करायला घेतला असता. पण कक्षाला अनुभव होता. तीन बैठका झाल्या आणि सहावा वर्ग निर्माण करण्यात आला. त्याचं नाव ‘दर्शनी पाणी’. या वर्गाचं पाणी प्यायचं नाही, त्यात उतरायचं नाही, त्यात काही बुडवायचं नाही. ते फक्त पाहायचं. मानक एकच, की पाणी दिसलं पाहिजे.

बाईंनी कळवलं की तलावावर हातभर फेस आहे, त्यामुळे पाणी दिसत नाही. तेव्हा मानकात ‘पाणी अथवा पाण्यावरील आवरण’ अशी दुरुस्ती झाली. वासाचा मुद्दा निघाला, पण दर्शन हे डोळ्यांनी घ्यायचं असतं, नाकाचा त्यात संबंध येत नाही, हे सगळ्यांना पटलं. तलावाच्या काठी कठडा बांधला गेला, दोन बाकं आली आणि ‘हे पाणी पाहण्यासाठी आहे’ असा सुबक फलक लागला. लाल टाचणी निघाली. त्या दिवशी सचिवांनी वर्गशिक्षकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गशिक्षकांना खरोखर बरं वाटलं.

आता कोणी विचारील की तलावाचा वर्ग बदलला तरी गावाच्या नळाला पाणी कुठलं येत होतं? तेच येत होतं. दुसरं येणार कुठून? पण नळ हा पाणीपुरवठा खात्याचा विषय. त्या खात्याचं म्हणणं, आमचं काम पाणी पोचवणं. ते कसं आहे हे ठरवायला सरकारने वेगळा कक्ष नेमला आहे. कक्षाचं म्हणणं, पाणी तलावात आहे तोवर आमचं, पाइपात शिरलं की आमचा हक्क संपला. दोन्ही म्हणणी बरोबर होती आणि मधल्या पाइपातून पाणी आपलं निमूटपणे चिमणीच्या पेल्यात पडत होतं.

बहिणीने अखेर रीतसर तक्रार केली. तिला रीतसर उत्तरही गेलं. आपण दर्शनी वर्गातील पाण्याचा प्राशनासाठी अनधिकृत वापर करत असल्याचं आपल्याच अर्जावरून निदर्शनास येतं, सबब हा वापर तात्काळ थांबवावा. अशा उत्तरांचा गठ्ठा रोज वर्गशिक्षकांपुढे येई आणि ते खाली सही करत. वरचं नाव वाचायची कक्षात पद्धत नव्हती. नाव वाचल्याने निर्णयावर परिणाम होतो.

उत्तर मिळाल्यावर ती चिमणीला घेऊन थेट भावाच्या घरी आली. वहिनीने दार उघडलं आणि पोरीकडे पाहून तिचा चेहराच उतरला. चिमणीच्या गळ्याची हाडं दिसत होती. ती स्वयंपाकघरात गेली, भिंतीवरच्या फिल्टरखाली पेला धरला आणि पाणी प्यायली. मग आणखी एक पेला प्यायली. मग तिने मामाला विचारलं की या पाण्याला वास का नाही. वर्गशिक्षकांना राज्यातल्या सगळ्या पाण्याची माहिती होती. ते वर्तमानपत्र शोधू लागले.

“दादा, खाली सही तुझी आहे,” बहीण म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

त्यांनी तिला इथेच राहा म्हणून सांगून पाहिलं. तिने शाळेचं, घराचं, नवऱ्याच्या नोकरीचं विचारलं. मग आणखी एक विचारलं, जे तिने विचारू नये असं त्यांना फार वाटत होतं. तलावाला पुन्हा पिण्याच्या वर्गात आणायचा काहीच मार्ग नाही का?

मार्ग होता. पक्का होता, आणि तो माहीत असलेला कचेरीत बहुधा एकच माणूस होता, कारण नियम इतर कोणी शेवटपर्यंत वाचले नव्हते. नवा वर्ग कायम होण्याआधी गावात जनसुनावणी घ्यावी लागे. तिथे एक जरी हरकत निकाली न निघता उरली, तरी शेवटचा कायम झालेला वर्ग परत लागू होई, आणि मधल्या वर्गांची सुनावणीच झाली नसल्याने तो पहिला होता. आणि तलाव पहिल्या वर्गात परतला की त्या वर्गाचं पाणी करून देणं सरकारवर बंधनकारक होतं. सात खाती काय, सत्तर खाती असली तरी. चिमणी तिसरा पेला भरत होती. वर्गशिक्षकांनी हे सगळं सांगून टाकलं आणि सांगून झाल्यावर जीभ चावली. आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार करणार कोणाकडे?

सुनावणी गावातल्या सभागृहात झाली. व्यासपीठावर सचिव, त्यांच्या शेजारी वर्गशिक्षक, आणि दोघांच्या पुढ्यात सीलबंद बाटल्या. समोर गावातली बरीच प्रतिष्ठित मंडळी होती. खिडक्या बंद ठेवल्या होत्या, कारण तलाव जवळच होता. एकेकाने उठून मत मांडलं. निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले की आमच्या गच्चीतून तलाव सुरेख दिसतो, विशेषतः फेसावर ऊन पडलं की. काठावर इमारत बांधणाऱ्या बिल्डरने दर्शनी वर्गाचं मनापासून स्वागत केलं. डॉक्टर म्हणाले की व्यवसायाच्या दृष्टीने त्यांची काही हरकत नाही. पाण्याचं काय करता, असं सचिवांनी सहज विचारलं, तेव्हा सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, जणू कपडे घालता का असं विचारलं असावं. घरोघरी फिल्टर होते. कितीतरी वर्षांपासून होते.

मग बहीण उठली. तिच्या शेजारची, खालच्या गल्लीतली एक बाई येणार होती, पण शिवणकामाच्या शेडमधून तिला सुट्टी मिळाली नव्हती. आमच्याही वतीने बोल, असं ती सकाळी सांगून गेली होती. तिची दोन मुलं चिमणीच्याच शाळेत होती आणि तिघांची आजारपणं आलटून पालटून चालत. बहिणीने चिमणीचा हात धरला आणि सांगितलं की हे पाणी आम्ही बघत नाही, पितो. नळाला दुसरं येत नाही. ही माझी मुलगी, हिच्याकडे एकदा नीट बघा. माझी हरकत आहे आणि ती मी मागे घेणार नाही.

लोकांना मनापासून वाईट वाटलं होतं, हे सांगितलंच पाहिजे. ती काही दगडाच्या काळजाची माणसं नव्हती. पोस्टमास्तरांचे तर डोळे भरून आले.

“अहो बाई,” ते म्हणाले, “तुमच्याकडे फिल्टर नाही?”

बहिणीने नाही म्हणून सांगितलं. सभागृहात हळहळ पसरली. इतके दिवस बोलल्या कशा नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. फिल्टरचा दुकानदार मागच्या रांगेत होता. तो उठून म्हणाला की एक नवा कोरा फिल्टर मी आत्ता पाठवतो, पैशांचं नाव काढू नका. टाळ्या पडल्या. बिल्डरने बसवायला माणूस देऊ केला. गाव बघता बघता एका कुटुंबासाठी एक झालं. रोग हाल्याला आणि औषध पखालीला, असं कोणाच्या मनात आलंही असेल, पण अशा प्रसंगी म्हणी काढणं बरं दिसत नाही.

सचिवांनी ही संधी ओळखली. हरकतीचं कारण मुलीची प्रकृती, कारण दूर झालं, तर हरकत उरते कुठे, असं त्यांनी मृदू स्वरात विचारलं. बहिणीने खालच्या गल्लीतल्या मुलांचं काय ते विचारलं. त्यांची हरकत आली आहे का, असं सचिवांनी विचारलं. ती आली नव्हती. हरकत ज्याची त्यानेच घ्यायची असते, सचिव म्हणाले, दुसऱ्याच्या पोटदुखीवर आपल्याला सही करता येत नाही.

तिने भावाकडे पाहिलं.

नियम वर्गशिक्षकांच्या जिभेवर होता. हरकत तलावाबद्दल असते, हरकतदाराबद्दल नाही. तिच्या घरी फिल्टर बसला म्हणून तलाव पास होत नाही. एवढं एक वाक्य ते बोलले असते तर सुनावणी तिथेच संपली असती आणि राज्याला तलाव साफ करावा लागला असता. करायला किती वर्षं लागली असती कोण जाणे. फिल्टर मात्र संध्याकाळपर्यंत बसणार होता. त्यांनी चिमणीच्या गळ्याकडे पाहिलं. पोर आज संध्याकाळी चांगलं पाणी पिईल, असं त्यांच्यातल्या भावाने म्हटलं, आणि त्यांच्यातल्या अधिकाऱ्याने लगेच दुजोरा दिला. या दोघांचं एकमत नोकरीत पहिल्यांदाच झालं होतं. त्यांनी बाटलीचं सील तोडलं, एक घोट घेतला आणि बहिणीला मान हलवून सांगितलं की घे.

तिने फिल्टर घेतला. आई होती ती. हरकत मागे घेतल्याची सही करताना तिचा हात थांबला, पण चिमणी तिच्या पदराला धरून उभी होती आणि पोरीकडे पाहिलं की उभ्या जगाचा विचार डोक्यात राहत नाही. ‘हरकत प्राप्त एक, निकाली एक’ अशी नोंद झाली. सचिवांनी चिमणीचा गालगुच्चा घेतला.

संध्याकाळी वर्गशिक्षक स्वतः फिल्टरचं खोकं उचलून बहिणीबरोबर तिच्या घरी निघाले. सामान उचलायची त्यांना सवय नव्हती, पण त्या दिवशी त्यांना कसलं तरी ओझं उचलावंसं वाटत होतं. खालच्या गल्लीच्या तोंडाशी शेजारीण भेटली. शेडमधून नुकतीच परतली होती आणि दोन्ही हातांत नळावर भरलेल्या बादल्या होत्या. बोललीस का आमच्यासाठी, असं तिने विचारलं. बोलले, बहीण म्हणाली.

“मग? सुधारणार का पाणी?”

बहिणीने त्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोठ्या मायेने, अगदी सख्ख्या बहिणीला सांगावं तसं सांगितलं, “तू असं कर, तूही एक फिल्टर घेऊन टाक.”

शेजारणीने बादल्या खाली ठेवल्या नाहीत. ती गल्लीत वळली. वर्गशिक्षकांना त्या वाक्यात काही खोट दिसली नाही. उलट इतकं सुटसुटीत धोरण आपल्याला इतकी वर्षं कसं सुचलं नाही याचं त्यांना नवल वाटलं. उपसंचालक झाल्यावर त्यांनी तयार केलेल्या आराखड्यात ते जसंच्या तसं आलं आहे, फक्त तिथे त्याला ‘घरगुती स्तरावर नागरिकांचा सक्रिय सहभाग’ असं म्हटलं आहे. त्या आराखड्यापासून कोणत्याही गावातून हरकत आलेली नाही.

बहिणीला नावं ठेवण्याआधी, वाचकहो, एकदा उठून आपल्या स्वयंपाकघरात जाऊन या. ओट्याच्या वर भिंतीला ती पेटी टांगलेली आहेच, आणि पाणी चांगलं आल्याचा तिचा छोटा दिवाही लागलेला असेल. बहिणीने निदान चार लोकांसमोर उभं राहून सही केली. तुम्ही तुमची हरकत नेमकी कधी मागे घेतलीत?